ब्रनो .२२ विकायची आहे, पण बरंच काम करून घेतलेली. किंमत कशी धरावी?

अनेरकाठ | ८ जून २०२५, रात्री १०.४०

मंडळी, राम राम. धागा काढू की नको असं आठवडाभर चाललं होतं.

वडिलांची .२२ रायफल आहे, ब्रनो मॉडेल २. १९७९ साली मुंबईच्या एका दुकानातून रीतसर घेतलेली, बिल अजून ट्रंकेत आहे. २०१३ ला वडील गेले. वारस म्हणून परवाना माझ्या नावावर झाला आणि रायफलही आली. गाव चोपडा तालुक्यात. थोडी केळी, थोडा कापूस, आणि मी स्वतः कॉलेजात शिकवतो.

हौस वडिलांकडून आली, अक्कल नाही आली. २०१६ ते २०२२ या काळात रायफलीवर मी असा खर्च केला: जुन्या बटला चीर होती म्हणून अक्रोडाचा नवा बट करवून घेतला, ३८ हजार. रिंगांसकट जपानी दुर्बीण, २७ हजार. बॅरल आणि बॉडीला नवीन ब्लूइंग (लोखंडावरचा काळा-निळा मुलामा), ९ हजार. ट्रिगर हलका करून घेतला, ६ हजार. बेडिंग (बॉडी बटात घट्ट बसवण्याचं काम), ५ हजार. बेरीज ८५ हजार.

ओळखीचे म्हणतात की मूळ ब्रनोला दीड लाख कुठेही मिळतात. म्हणजे दीड लाख अधिक पंच्याऐंशी, झाले २ लाख ३५ हजार. बरोबर ना?

विकायचं कारण सांगतो. मुलगी अकरावीला आहे, १० मीटर एअर रायफल खेळते. आतापर्यंत क्लबची रायफल वापरली, आता स्वतःची हवी. पुण्यात एक जुनी मॅच रायफल (स्पर्धेची) बघून ठेवली आहे, तिचा मालक सव्वादोन लाख म्हणतो. माझा हिशोब कुठून आला ते आता कळलं असेलच.

फोटो जोडले आहेत.

---

धागा-राखणदार | ८ जून, रात्री ११.२५

फोटोतला रायफलचा नंबर आणि मागच्या कपाटावरची परवान्याची प्रत झाकली आहे. अनेरकाठ, पुढच्या वेळी स्वतः झाका. सगळ्यांसाठी पुन्हा: इथे किमतीवर चर्चा चालेल, सौदा नाही. फोन नंबर, "व्यनि केला आहे", "मी घेतो" असलं काही दिसलं की उडवणार.

---

बारा_बोअर | ९ जून, सकाळी ७.१०

पारोळ्याहून नमस्कार. भाऊ, बेरीज बरोबर आहे, पण ती तुमच्या खर्चाच्या वहीची आहे. घेणारा ती वही उघडत नाही.

आधी मूळ रायफलचं बघू. ब्रनो मॉडेल २ ला आपल्याकडे एवढा भाव का? ती काही सोन्याची नाही. चेक बनावटीची साधी बोल्ट ॲक्शन (बोल्ट म्हणजे दांडी हाताने ओढून गोळी भरायची), पाच गोळ्यांचं मॅगझिन. पुढे तिचीच सुधारलेली बहीण सीझेड ४५२ म्हणून निघाली. युरोपात असल्या जुन्या .२२ ला कोणी फारसं विचारत नाही. आपल्याकडे ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला बाहेरून शस्त्र आणणं बंद झालं. त्याआधी आल्या तेवढ्याच रायफली अजून हातोहात फिरतायत. भाव टंचाईचा आहे, आणि टंचाई मूळ रूपातल्या रायफलीची आहे. ऑर्डनन्स फॅक्टरीची .२२ नवी मिळते, आता खासगी कारखान्यांनाही परवाने मिळू लागलेत. मग ब्रनोवाला ब्रनो का शोधतो? जुनं काम, जुना बट, जुनं ब्लूइंग हवं म्हणून. तुम्ही नेमकं तेच काढून टाकलं.

माझा अंदाज: मूळ रूपात, चांगल्या बॅरलची, कागद चोख, तर १ लाख ४० हजार ते १ लाख ६० हजार. तुमच्या कामांचं एकेक घ्या.

अक्रोडाचा बट फोटोत देखणा आहे. पण लांबी तुमच्या हाताला, गालाची उंची तुमच्या गालाला. फार तर दहा-बारा हजार जादा मिळतील, तेही ज्याला तो बसेल त्याच्याकडून. बेडिंगचे शून्य. ट्रिगरचे शून्य धरा, मी घेणारा असतो तर वजा धरला असता. ब्लूइंगचे वजा. हो, वजा. नवं ब्लूइंग बघितलं की पहिला प्रश्न मनात येतो, खाली काय झाकलंय? दुर्बीण वेगळी विका. ती एअर रायफलवालाही घेईल, त्याला परवाना लागत नाही, म्हणजे गिऱ्हाईक शंभरपट. रायफलसोबत दिलीत तर "फुकट आली" या हिशोबात जाईल.

---

शिरपूरना_भाऊ | ९ जून, सकाळी ८.०२

भाऊ, मना वावरमा डुकरे धुडगूस घाली राह्यनात. मक्कानं बठ्ठं वाटोळं करी टाकं. लायसन शे मनाकडे, पीकसंरक्षणनं. एक लाख रोख देस. दुर्बीण धरीसन.

---

धागा-राखणदार | ९ जून, सकाळी ८.१५

भाऊ, वरचं परत वाचा. ही ताकीद.

---

बारनिशीवाले_नाना | ९ जून, दुपारी १.३०

जेवण झालं, शेवभाजी जरा जास्तच झाली, आता लिहितो. माझी नोकरी कलेक्टर कचेरीत गेली, त्यातली बरीच वर्षं गृह शाखेत. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली.

शिरपूरच्या भाऊंना आधी. बाबा रे, .२२ ने डुक्कर मारू नये. तिची ताकद साधारण १४० ते १९० ज्यूल. ससा-तितराच्या मापाची गोळी ती. डुक्कर जखमी होऊन पळणार आणि दुसऱ्या दिवशी तुझ्याच सालदाराच्या अंगावर येणार. शिवाय रानडुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते, परवाना पीकसंरक्षणाचा असला तरी. आणि तुझ्या परवान्यावर १२ बोअर लिहिली असेल तर .२२ तुला घेताच येत नाही.

आता अनेरकाठ. किमतीआधी घेणारा कोण ते ठरवा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम ५ तुम्हाला खासगी विक्रीची मुभा देतं, दुकानदाराचा परवाना नसला तरी. पण अट आहे. कुणाला विकणार त्याचं नाव आणि पत्ता लिहून जिल्हादंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला आधी कळवायचं, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. नुसतं "विकायची आहे" असं पत्र चालत नाही, नाव हवं. पोच घ्या, बारनिशीचा (आवक-जावक नोंदीचा) शिक्का आणि आवक क्रमांक बघून घ्या. शिक्क्याशिवाय पत्र म्हणजे रद्दी, हे मी खुर्चीच्या त्या बाजूने सांगतोय.

घेणाऱ्याच्या परवान्यावर .२२ रायफलची खरेदी मंजूर हवी आणि खरेदीची मुदत चालू हवी. युआयएन नंबर (परवानाधारकाचा नोंदणी क्रमांक) हवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर माणशी दोनच शस्त्रं, पूर्वी तीन होती. त्याच्याकडे दोन आधीच असतील तर विषय संपला. असे गाळत गेलात की खानदेशातल्या तिन्ही जिल्ह्यांत तुमचं गिऱ्हाईक दोन्ही हातांच्या बोटांवर मावेल. दोन लाख पस्तीस कुणाकडून मागणार?

---

दहा_पूर्णांक_नऊ | ९ जून, रात्री ९.५०

मी धुळ्याची, सध्या पुण्यात. ५० मीटर प्रोन (पालथं पडून) खेळते. स्वप्नील कुसाळेने पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणल्यापासून आमच्या रेंजवर .२२ ची चौकशी करणारे खूप वाढलेत. पण सांगून ठेवते, ते ब्रनो घेणार नाहीत. स्पर्धेची रायफल वेगळीच असते. दादा, तुमचं गिऱ्हाईक म्हणजे हौशी माणूस, ज्याला शेतावर नाहीतर क्लबात डबे पाडायचेत.

बघताना तो काय बघेल ते सांगते.

बॅरलचं तोंड. .२२ ची गोळी शिशाची आणि मऊ, तिने बॅरल झिजायला जन्म जातो. बॅरल मरतं ते गंजाने आणि साफ करायच्या सळईने. पुढून सळई घालायची सवय असेल तर तोंडाची कड एका बाजूने घासलेली दिसते.

दुसरं, चेंबरची कड, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेची. .२२ रिमफायर आहे, पिन काडतुसाच्या काठावर आपटते. रिकाम्या रायफलचा चाप ओढत राहिलं तर तीच पिन चेंबरच्या कडेवर आपटते आणि तिथे खड्डा पडतो. खड्ड्याची कड आत आली की काडतूस अडकायला लागतं. नखाने लागतो तो.

तिसरं, ट्रिगर. किती हलका केलाय? बोल्ट जोरात बंद करून बघा, बट जमिनीवर टेकवून हलकेच आपटा. अर्थात रिकामी, आणि मॅगझिन दुसऱ्या खोलीत ठेवून. पिन सुटली तर विकायच्या आधी मूळ स्प्रिंग परत बसवा, किमतीचं नंतर बघू.

आणि ग्रुप द्या, म्हणजे एकाच नेमाच्या गोळ्यांची भोकं किती जवळ पडतात ते. "लई भारी लागते" याला कोणी पैसे देत नाही. ५० मीटरवर पाच-पाच गोळ्यांचे पाच ग्रुप, एकाच डब्यातल्या गोळ्या, पाचही कागद दाखवायचे. सगळ्यात चांगला एकच दाखवला की माझ्यासारखे लगेच ओळखतात.

---

अनेरकाठ | १५ जून, रात्री ११.०५

सगळ्यांचे आभार, बारा_बोअर यांचे जरा कमी :)

शनिवारी परवाना घेऊन नाशिकला रेंजवर गेलो. पाच ग्रुपांचे कागद जोडतो: १९, २४, २२, ३१ आणि २३ मिलिमीटर. ३१ चा माझा, रायफलचा नाही. चष्म्याचा नंबर बदललाय.

चेंबरच्या कडेला खड्डा आहे. नखाला लागतो, तांदळाच्या टोकाएवढा. हे माझ्याच घरचं. वडिलांचे मित्र ओसरीवर बसायचे, चहा यायचा, आणि रायफल एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात फिरायची. प्रत्येक जण भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरून चाप ओढायचा. टक्. आम्हा पोरांनाही शेवटी एकेकदा मिळायचं. टक्. त्या आवाजाची आठवण किती गोड वाटायची मला आतापर्यंत. काडतूस मात्र अडकत नाही.

बॅरलच्या तोंडापाशी आतून गंजाचे दोन ठिपके दिसले. हे माझं नाही. गेल्या ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता लागली तेव्हा ठाण्यात जमा केली होती. देताना तेल लावून, कापडी कव्हरात, फोटो काढून दिली. परत घ्यायला गेलो तर कव्हर नाही. रायफल कोपऱ्यात पाच-सहा शस्त्रांच्या गठ्ठ्यात उभी, तोंड खाली, फरशीवर. फरशी पुसून घेतात ना रोज. मी काही बोललो नाही, सही केली आणि आणली. आता वाटतं पावतीवर स्थिती लिहून घ्यायला हवी होती.

---

बारनिशीवाले_नाना | १६ जून, सकाळी ६.४५

ही तक्रार मी नोकरीतही ऐकायचो. जमा करताना पावतीवर "नळी स्वच्छ, गंज नाही, कव्हरसह" असं लिहून मागायचं. लिहून देत नसतील तर आपल्या अर्जातच लिहायचं आणि त्या अर्जावर पोच घ्यायची. दुसरा मार्ग, परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करता येतं का ते विचारायचं. तो भाडं घेतो पण तेल लावतो.

आणि एक विचारतो. ब्लूइंग करताना पॉलिश मारलं असेल. नंबर नीट वाचता येतो का? भिंग घेऊन बघा.

---

अमळनेरकर | १६ जून, सकाळी ९.२०

एवढं कशाला ताणायचं? माझ्या ओळखीत एक जण आहे, दीड लाख रोख मोजतो. परवान्याचा अर्ज त्याने केलेला आहे, येईलच. कागद मागून करता येतात. गावाकडं असंच चालतं.

---

बारा_बोअर | १६ जून, सकाळी ९.३१

गावाकडं असंच चालतं म्हणून तर सातपुड्याच्या पायथ्याला दर महिन्याला गावठी कट्ट्याची बातमी असते. चोपडा आणि शिरपूरच्या नाक्यांवर पोलिसांची नजर आधीच कशी असते ते तुम्हाला माहीत नाही का? त्या वाटेवर बिनकागदाची ब्रनो सापडली तर पहिलं नाव कुणाचं निघेल? १९७९ च्या बिलावर ज्याचं आडनाव आहे त्याचं.

---

बारनिशीवाले_नाना | १६ जून, सकाळी १०.१५

अर्ज केलेला माणूस म्हणजे परवाना नसलेला माणूस. अर्ज नामंजूरही होतो, आमच्याकडे ढिगाने व्हायचे. परवाना नसलेल्याला शस्त्र देणं हा कलम २५ खाली गंभीर गुन्हा आहे. परवाना असलेल्याला न कळवता किंवा ४५ दिवस न थांबता देणं, हाही त्याच कलमात वेगळा गुन्हा आहे. राखणदारांनी ही पोस्ट ठेवावी, उडवू नये, म्हणजे लोकांना उत्तरासकट वाचायला मिळेल.

---

अनेरकाठ | १७ जून, रात्री १०.१२

अमळनेरकर, राग नाही, पण नाही.

नाना, तुम्ही माझी झोप घालवली. बॉडीवरच्या नंबराचा शेवटचा आकडा ३ आहे की ८, ते भिंगातूनही कळत नाही. पॉलिशवाल्याने जरा जास्तच चकचकीत केलंय. परवान्यावर ८ आहे. २०१७ पासून ही रायफल तीनदा नूतनीकरणाला दाखवली, कोणीही बोललं नाही, मीही बघितलं नाही.

---

बारनिशीवाले_नाना | १८ जून, सकाळी ६.३०

घाबरू नका, पण हलकं घेऊ नका. कलम ८. नंबर पुसणं, बदलणं गुन्हा आहे. आणि पुसलेल्या नंबरचं शस्त्र ज्याच्याकडे सापडेल त्यानेच तो पुसला असं कायदा धरून चालतो. तसं नाही हे सिद्ध करणं आपल्या अंगावर. म्हणून कुणी विचारायच्या आधी आपण कळवायचं. बोल्ट काढा, दांडीपाशी बघा. बट उतरवून बॅरलच्या खालून बघा. ब्रनोवर एकाहून जास्त ठिकाणी नंबर असतो. तिथला ८ स्वच्छ असला तर त्याचा फोटो, १९७९ चं बिल, वडिलांच्या जुन्या परवान्याची प्रत, आणि पॉलिश कधी व कुणाकडे केलं त्याची पावती, असा गठ्ठा करून गृह शाखेत स्वतःहून अर्ज द्या. पॉलिशवाला परवानाधारक आर्मरर (बंदूक दुरुस्त करणारा) होता ना? नव्हता असं म्हणू नका.

---

अनेरकाठ | १८ जून, सकाळी ७.०५

होता. पावती आहे. बोल्टवर ८ स्पष्ट आहे. हुश्श.

---

बारा_बोअर | १८ जून, सकाळी ७.४०

मी वजा म्हटलं तेव्हा रागावला होता ना? आता त्या ९ हजारांच्या ब्लूइंगचे वीस-पंचवीस हजार वजा धरा. घेणारा बोल्ट बघून समाधानी होईल, पण पुढे त्यालाही एक दिवस विकायची आहे, आणि हीच गोष्ट त्याला पुन्हा सांगावी लागणार. त्या कटकटीचे पैसे तो तुमच्याकडून आज कापणार.

जुना बट कुठाय? सुताराला दिलात का?

---

अनेरकाठ | २२ जून, दुपारी ४.१८

बट सापडला! माळ्यावर, ठिबकच्या जुन्या नळ्यांच्या गुंडाळ्यामागे. आईने खतांच्या पिशवीत बांधून ठेवला होता. मला वाटायचं तो चुलीत गेला.

फोटो टाकतो. मानेपाशी चीर आहे आणि तिच्यावर वडिलांनी तांब्याची तार गुंडाळलेली आहे, मोटारीच्या वाइंडिंगची. सोळा वेढे. मोजले. एकावर एक चढलेला नाही. टोक आत खुपसून वर लाखेचा थेंब. त्यांचा गाल टेकायचा तिथे लाकूड काळपट गुळगुळीत झालंय, बाकी बट खरखरीत. ट्रिगरची मूळ स्प्रिंगही त्याच पिशवीत, काडेपेटीत, वर आईच्या अक्षरात "बंदूक" लिहिलेलं. तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

---

बारा_बोअर | २२ जून, संध्याकाळी ६.०१

आता बोला! मूळ बट आणि मूळ स्प्रिंग असेल तर रायफल परत मूळ रूपात नेता येते, फक्त ब्लूइंग सोडून. दोन्ही बट द्या, स्प्रिंग मूळची बसवून द्या. मी १ लाख ३५ ते ४५ म्हणतो, दुर्बीण सोडून. चीर असली तरी तो तारेचा बट सांधू नका, घासू नका, वॉर्निश तर मुळीच नको.

---

दहा_पूर्णांक_नऊ | २२ जून, रात्री १०.३३

दादा, विक्रीचं सगळे बोलतायत, मी खरेदीचं विचारते. पुण्याची ती मॅच रायफल सव्वादोन लाखाची, तिच्या हवेच्या नळकांड्यावरची तारीख बघितली का? मॅच एअर रायफलच्या सिलिंडरवर बनवल्याची तारीख असते आणि वैधता जास्तीत जास्त दहा वर्षं धरतात. मोठ्या स्पर्धेत तपासतात, मुदत संपलेला चालत नाही. दोनशे बारचा दाब गालापासून वीतभर अंतरावर असतो, गंमत नाही.

सील कधी बदलले, बट मुलीच्या मापाला येतो का, तेही विचारा. तुमच्या ब्रनोला जे नियम लावले ते तिकडेही लावा. त्यानेही खर्चाची वहीच दाखवली असणार.

---

अनेरकाठ | २९ जून, रात्री ८.४७

विचारलं. सिलिंडर २०१४ चा. म्हणजे गेल्या वर्षीच संपलाय. मी म्हटलं, नवीन सिलिंडरची किंमत कापा. तो म्हणाला, साहेब, मी या रायफलवर किती खर्च केलाय माहीत आहे का.

मला हसू आवरेना. बायको आतून बघायला आली काय झालं म्हणून.

शेवटी १ लाख ७२ हजारांवर आला, सिलिंडर आपला आपण घ्यायचा. एअर रायफल .१७७ आणि वीस ज्यूलच्या बरीच खाली, म्हणून परवान्याची भानगड नाही. ओळखपत्र आणि पावती पुरे.

---

तापीकाठचा_मास्तर | ३ जुलै, सकाळी ११.१०

उशिरा आलो. एक प्रश्न: रेंज दूर, दुर्बिणीसकट लांबडं अवजार, तर बॅरल चार इंच कापून सुटसुटीत केली तर भाव वाढेल का? परदेशी व्हिडिओत आखूड .२२ फार छान दिसतात, पुढे सायलेन्सर लावतात.

---

बारनिशीवाले_नाना | ३ जुलै, सकाळी ११.२२

मास्तर! परवान्याशिवाय नळी कापणं कलम ६ खाली गुन्हा. आणि आवाज दाबणारं उपकरण कायद्याच्या व्याख्येत स्वतःच बंदूक आहे, त्यालाही परवाना. हे व्हिडिओ बघू नका, हरिपाठ ऐका.

---

अनेरकाठ | २१ सप्टेंबर, रात्री ९.५५

धागा वर आणतोय, काय झालं ते सांगायला.

नंबराचा अर्ज जूनच्या शेवटी दिला. गृह शाखेने बिल आणि जुना परवाना मूळचे बघायला मागितले, रायफल घेऊन बोलावलं, बोल्ट बघितला, पंचनाम्यासारखं काहीतरी लिहून घेतलं. एकूण तीन फेऱ्या. तिसऱ्या फेरीला साहेब मीटिंगला गेले होते म्हणून स्टँडजवळ भरीत-भाकरी खाऊन परत आलो, ती चौथी धरा.

घेणारा मिळाला धुळे जिल्ह्यातला. शेतकरी, साठीचा, परवान्यावर .२२ मंजूर, दुसरं शस्त्र नाही. इथून नाही, एका विक्रेत्याकडून ओळख झाली. त्याला सगळं आधीच सांगितलं: चेंबरचा खड्डा, तोंडाचे ठिपके, ३ आणि ८ ची कथा, पाचही कागद, ३१ वाला सुद्धा. १४ जुलैला त्याच्या नावाचं पत्र दिलं, शिक्का घेतला. ४५ दिवस ऑगस्टच्या शेवटी भरले, मग गणपती, आणि त्याच्याकडे एक लग्न. १९ सप्टेंबरला विक्रेत्याच्या दुकानात दोघांचे परवाने समोर ठेवून व्यवहार झाला. उरलेल्या ३१ गोळ्याही पत्रात लिहिल्या होत्या, त्याही त्याच्या परवान्यावर चढल्या.

किंमत १ लाख ३८ हजार, दुर्बीण सोडून, दोन्ही बटांसकट.

अक्रोडाचा बट त्याने खांद्याला लावून बघितला आणि ठेवून दिला. "लंबा शे," म्हणाला. मग तारेचा उचलला. बोटाने वेढे चाचपले, तसंच मी माळ्यावर केलं होतं. "यो कोणी बांधा?" वडिलांनी, म्हटलं. विक्रेत्याला म्हणाला, हाच बसवा, आणि तार काढू नका. अक्रोडाचा बट मला परत देऊ केला, पैसे न कापता. मी घेतला नाही. ३८ हजारांचं लाकूड घरात रोज बघत बसायची इच्छा नव्हती.

दुर्बीण १५ हजाराला गेली, जळगावच्या एका पोराने एअर रायफलसाठी घेतली. म्हणजे हातात १ लाख ५३ हजार. वरचे एकोणीस आणि सिलिंडरचे पैसे केळीतून घातले, भाव बरा होता म्हणून. मुलीची रायफल गेल्या आठवड्यात आली. पहिल्या दिवशी तिने घरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला तेव्हा मी ओरडलो. ती म्हणाली, पप्पा, हिला ड्राय फायरची (रिकामा चाप ओढायची) वेगळी सोय असते, काही होत नाही.

---

बारा_बोअर | २१ सप्टेंबर, रात्री १०.१०

१३८. मी १३५ ते १४५ म्हणालो होतो. नोंद असावी.

---

दहा_पूर्णांक_नऊ | २१ सप्टेंबर, रात्री १०.४२

मुलीला सांगा, सिलिंडर रोज वापरून झाला की काढून ठेवायचा. आणि डायरी ठेवायची.

---

शिरपूरना_भाऊ | २२ सप्टेंबर, सकाळी ७.५५

आते दुर्बीण तरी शे का, का तीबी इकाई गयी?

---

अनेरकाठ | २२ सप्टेंबर, सकाळी ८.०३

गेली, भाऊ. वर लिहिलंय.